दमयंतीनंतरची आठ गाणी

८ फेब्रुवारी, रविवार

रविवार असूनही लॅब अर्धा दिवस उघडी. उपाशीपोटी रक्त द्यायला आलेल्यांची रांग. एक आजोबा, शीर काही सापडेना. मी दंडाला पट्टा बांधून टिचक्या मारतेय आणि आजोबा म्हणतात, "तूच ना गो ती दमयंतीवाली? म्हण की जरा, म्हणजे दुखायचं नाय." म्हटलं दोन ओळी. "दमानं घे, दमयंती, पुढं वळण हाय." मागच्या तिघांनी टाळ्यांवर ठेका धरला. रक्त आलं एकदाचं.

दोन वर्षं होतील मे महिन्यात या गाण्याला. दमयंती म्हणजे माझी सख्खी आत्या. पंचावन्नाव्या वर्षी स्कूटर शिकली, त्यावर मी गंमत म्हणून लिहिलं. आता ते लग्नात वाजतं, गणपतीत वाजतं, रिक्षावाल्यांच्या फोनवर वाजतं. आत्या पेट्रोल भरायला गेली की पंपावरची पोरं गातात आणि ती स्कूटरवरूनच हात हलवते. मंत्रीणबाई!

काल मुंबईहून वि.सरांचा फोन. विक्रांतसर, गाण्यांच्या कंपनीचे. पूर्ण अल्बम हवा, आठ गाणी, १० मेपर्यंत. "नाहीतर काय होतं, लोक एका गाण्याचे म्हणून ओळखतात आणि मग तेही विसरतात," असं अगदी गोड आवाजात म्हणाले. तेव्हापासून अन्न गोड लागत नाही. कारण हीच भीती मला दीड वर्षं आहे आणि मी ती कोणाला बोलले नव्हते.

तयार गाणी: अडीच.

१५ फेब्रुवारी, रविवार

आमच्या बागेतल्या पॅकिंगच्या शेडमध्ये रिहर्सल. आता मोकळी आहे, मार्चच्या मध्यापासून आंबा आत आणि आम्ही बाहेर.

नार्वेकरकाका साडेनऊला म्हणजे साडेनऊला हजर. पोलीस बँडात तीस वर्षं ट्रम्पेट वाजवलं, निवृत्त झाले तरी शिस्त काही गेली नाही. ट्रम्पेट हातात घेतलं की टाचा आपोआप जुळतात. ओंकार पाऊण तास उशिरा, गिटार पाठीवर, तोंडात भजी. हा चार वर्षं बोटीवर, क्रूझच्या किचनमध्ये होता. खोलीतला सोबती कोलंबियाचा. कांदा चिरता चिरता त्याने याला कुंबिया, सालसा, तिकडचं नाचायचं संगीत सगळं शिकवलं. ते याने इथे आणलं आणि आमचं वाटोळं किंवा भलं केलं. काका परेडच्या चालीत जाणार, ओंकार ओरडणार, "काका, कंबर! कंबरेतून!" काका म्हणणार, "माझी कंबर सरकारी हाय, ती हलत नाय."

आणि दादा. माझा थोरला भाऊ, बाग तो आणि बाबा बघतात. दमयंतीत तो आंब्याच्या लाकडी पेटीवर बसून तिच्यावरच हातांनी वाजवतो. तेव्हा जवळ दुसरं काही नव्हतं म्हणून. ओंकार म्हणतो, तिकडच्या लोकांतही असंच वाद्य आहे, कहोन म्हणतात, आणि त्यांच्या भाषेत त्याचा अर्थही पेटीच. तिथल्या गुलामांनी मालाच्या खोक्यांवरच वाजवायला सुरुवात केली होती म्हणे.

तर आज वि.सरांनी पाठवलेलं खरं कहोन आलं. गुळगुळीत, पॉलिश केलेलं, मागे गोल भोक. दादा त्यावर नवऱ्या मुलासारखा अवघडून बसला. मी मात्र खूश. खरं सांगायचं तर व्हिडिओत ती कळकट पेटी, तिच्यावर आमच्या बागेचा अर्धवट पुसलेला शिक्का, मला लाजच वाटायची. मीच म्हटलं, "ठेव रे ती आता कोपऱ्यात."

ठेवली.

२३ फेब्रुवारी, सोमवार

तीन गाणी कच्ची रेकॉर्ड करून वि.सरांना पाठवली. मला आवडली. काका म्हणाले, "बरी हायत. पण पेटी बोलत नाय." मी म्हटलं, काका, ती पेटी नाही, कहोन आहे. "तेच ते," काका म्हणाले. "बोलत नाय."

आता शिमगा. दादा पालखीत, ओंकार गावी राजापूरला. दहा दिवस कोणी भेटायचं नाही.

१४ मार्च, शनिवार

लॅबमधून परस्पर बागेत. पहिला तोडा उतरला, पाच डझन. शेडमध्ये नुसता घमघमाट, सगळं विसरायला होतं.

आमच्याकडे पहिली पेटी विकत नाहीत. आजोबांच्या वेळी बागेची एक केस होती, साताऱ्याच्या दीक्षित वकिलांनी ती पैसा न घेता लढवली. तेव्हापासून पहिली पेटी साताऱ्याला, पाडव्याच्या आत. वकील गेले, आता त्यांची मुलगी शैलाताई असते, तरी नेम चुकत नाही. आणि ती लाकडी पेटीतूनच जाते. बाकी सगळा माल पुठ्ठ्याच्या खोक्यांतून, पण ही लाकडीच. "पुठ्ठ्यातून भेट द्यायची म्हणजे चपला घालून देवळात जाण्यातला प्रकार," इति बाबा.

बाबा आंबा लावत होते, मी पेंढा देत होते. एका हातात फोन, वि.सरांना उत्तर लिहीत होते की चौथं गाणं होतच आलंय (होत आलं नव्हतं). वर पत्ताही मीच लिहिला, जाड पेनाने, चांगला वळणदार. संध्याकाळच्या गाडीने पेटी गेली.

२७ मार्च, शुक्रवार

वि.सर. दुपारी. "मेधा, गाणी छान आहेत, पण यात ते नाहीये."

ते म्हणजे काय?

"दमयंतीत प्रत्येक ठोक्यानंतर मागे काहीतरी बारीक खुळखुळतं. सैल. नाचायला लावतं ते. आम्ही समजलो तुमच्याकडे खास वाद्य आहे. हे तर आमचंच कहोन वाजतंय!"

म्हणजे ज्याची लाज वाटत होती तेच हवं होतं. मी स्वतःच्या तोंडात मारून घ्यायची बाकी राहिले. दादाला फोन केला. तो म्हणाला, "अगो, मग सोप्पं हाय. आपली पेटी काढू कोपऱ्यातली."

२८ मार्च, शनिवार

कोपऱ्यात पेटी नाही.

शेडमध्ये तोडणीचे जाळीवाले झेले, पुठ्ठ्याची चारशे खोकी, पेंढा, एक मोडकी खुर्ची, सगळं आहे. पेटी नाही. दादा म्हणाला, लाकडी पेटी शेडमध्ये ती एकच उरली होती. मग बाबांनी साताऱ्याला कुठल्या पेटीतून… हे वाक्य त्याने पुरं केलं नाही आणि मीही नाही.

पेंढा मी भरला. पत्ता माझ्या अक्षरात. शिक्का खालच्या बाजूला होता की माझं डोकं फोनमध्ये होतं, आता काय फरक पडतो!

बाबांना विचारलं, साताऱ्याला फोन करता का? बाबा भडकलेच. "दिलेली भेट परत मागायची? माझ्या बापाचं नाव घालवाल! तुमच्या ठोकाठोकीपायी?" आमच्या बँडला ते ठोकाठोकीच म्हणतात. दमयंती एकदाही पूर्ण ऐकलेलं नाही त्यांनी.

२९ मार्च, रविवार

शेवटी मीच केला फोन, बाबा बागेत गेल्यावर. शैलाताई फार गोड बोलल्या. आंबे अप्रतिम, वगैरे. मी चाचरत म्हटलं, "ताई, आंबे नाही, नुसती पेटी हवी होती. रिकामी."

"अगं देते की! पण आत्ता नाही देता येणार. मनी व्यालीय तिच्यात."

मनी?

"मांजर गं. पेंढा बघून शिरली ती शिरलीच. चार पिल्लं झालीत. आता हलवलं तर बिथरेल. ती स्वतः हलवेपर्यंत थांब बाई."

हे मी रिहर्सलला सांगितलं तेव्हा ओंकार जमिनीवर बसून हसला. काका मात्र गंभीरपणे म्हणाले, "मांजर पिल्लांना सात घरं फिरवतं. म्हणजे पहिलं घर सोडणारच. थांबायचं."

आमचा अल्बम मांजरावर अडलाय. हे वि.सरांना कोणत्या तोंडाने सांगू? कळवलं: थोडा तांत्रिक अडथळा.

५ एप्रिल, रविवार

शेडमध्ये आंबा, म्हणून आज रिहर्सल आत्याच्या अंगणात. गावभर फिरून ओंकारने लाकडी पेट्या गोळा केल्या. भाट्याच्या एका माडवाल्याकडून दोन, एका किराणावाल्याकडून साबणाच्या, एक तर कोंबडीसकट आली. दादा बिचारा रोज पहाटेपासून तोडणीला, तरी येऊन एकेकीवर बसला. अकरा पेट्या. कुठली बद्द, कुठली नुसतीच खडखडते. अकराव्या पेटीची फळीच मोडली आणि दादा आत गेला. आत्या म्हणाली, "दमानं घे, दमयंतीच्या भाच्या."

हसून हसून पोट दुखलं. घरी येताना मात्र मुदतीचे दिवस मोजले. पस्तीस दिवस.

१२ एप्रिल, रविवार

शैलाताईंचा रोज सकाळी मेसेज येतो. फोटोसह. "आज डोळे उघडले." "आज तपकिरी पिल्लू पेटीच्या कडेवर चढलं." लॅबमध्ये आता सगळ्यांना माहीत झालंय. आमच्या डॉक्टरांनी रिपोर्टवर सही करता करता विचारलं, "हललं का मांजर?"

आज सकाळी चहा गाळताना ओळी आल्या. चहा उतू गेला, आईने ओरडून घर डोक्यावर घेतलं, मी वर्तमानपत्राच्या कडेला लिहीत सुटले:

एक घर कौलाचं, दुसरं घर पत्र्याचं,
तिसऱ्या दारी कुत्रं म्हणून चौथं घर आत्याचं,
पाचव्यात गळती, सहाव्यात वर्दळ फार,
कडेवरती पिल्लू घेऊन मनी निघाली पार!

सातवं घर सुचेना. ओंकारला फोनवर वाचून दाखवलं. तो पाच मिनिटांत चाल घेऊन आला, खरोखर आला, स्कूटरवर, शर्टाची बटणं वरखाली. कुंबिया. काकांना ट्रम्पेटवर मांजरीची चाल हवी म्हटलं तर ते आत्याच्या अंगणात टाच न आपटता चालून बघत होते. तीस वर्षांत पहिल्यांदा कंबर हलली! आत्याने पुरावा म्हणून व्हिडिओ काढला.

गेल्या दीड वर्षात लिहायला बसले की दमयंती मानगुटीवर बसायची. आज ती आठवलीच नाही.

१८ एप्रिल, शनिवार

सकाळी ७.१०. शैलाताई: "मनीने पिल्लं माळ्यावर नेली. पेटी मोकळी."

मी लॅबमध्ये ओरडले. ज्यांच्या दंडात सुई होती त्या बाईही ओरडल्या, पण वेगळ्या कारणाने. माफी मागितली. त्यांनी पेटीची हकिकत ऐकून माफ केलं.

२२ एप्रिल, बुधवार

साताऱ्याच्या गाडीने पेटी आली. ओंकार आणि दादा स्टँडवर उतरवून घ्यायला गेले, मीही जेवणाच्या सुट्टीत. कंडक्टर म्हणाला, "काय हाय काय यात? रिकामीच वाटते!"

शैलाताईंनी पेटी स्वच्छ घासून, उन्हात वाळवून, कागदात गुंडाळून पाठवलेली. आत लाडू आणि चिठ्ठी. चिठ्ठी जशीच्या तशी: "चि. मेधास, पेटीची वरची पट्टी फार सैल झाली होती, पिल्लांची नखं अडकतील म्हणून काळजी वाटायची. भेटीची वस्तू मोडकी कशी परत करायची, म्हणून सुतार बोलावून चारी बाजूंनी पक्की ठोकून घेतली आहे. आता पन्नास वर्षं हलणार नाही."

दादा तिथेच फलाटावर पेटीवर बसला. वाजवली.

धप्प. धप्प. धप्प.

ओंकारने एक लाडू खाल्ला. मग आम्हीही खाल्ले. दुसरं काय करणार.

२३ एप्रिल, गुरुवार

नीट लिहायला हवं आज.

संध्याकाळी शेडमध्ये आम्ही चौघं पेटीभोवती. दादा पक्कड घेऊन, ओंकार म्हणतो हा खिळा काढ, काका म्हणतात तो. मी रडायच्या बेतात. तेवढ्यात बाबा तोडणी आटपून आत आले, हातपाय धुतलेले, टॉवेल खांद्यावर. मला वाटलं आता ठोकाठोकीवरून ऐकवणार. त्यांनी चिठ्ठी मागितली. वाचली. हसलेच!

"चारी बाजू ठोकल्या? अरे रामा."

मग खाली बसले, पेटी मांडीला टेकवली आणि दादाच्या हातातून पक्कड घेतली. दोन खिळे काढले, तिसरा अर्धा वर ओढला, चौथ्याला हात लावला नाही. पट्टीवर बोट आपटून कान देऊन ऐकलं. आणखी किंचित ओढला.

"ही पेटी कोणी बनवली?" त्यांनी विचारलं.

आम्हाला माहीतच नाही.

"मी. तुझ्या आजोबांनी शिकवलं. वरची एक पट्टी सैल ठेवायची, एका खिळ्यावर फिरती. घेणाऱ्याला पेटी न फोडता हात घालून बघता येतं, आंबा तयार झाला की नाय ते. तीच तुमची खुळखुळ."

दादाने वाजवलं. ठोका, आणि त्याच्या मागून ते. तेच. ओंकार नुसता "हां!" म्हणाला. काकांच्या टाचा जुळल्या.

मी म्हटलं, "बाबा, महिनाभर आम्ही गावभर पेट्या शोधतोय! अकरा पेट्या! मांजर! तुम्ही बोलला का नाहीत?"

"मला कोणी विचारलं?"

खरंच नव्हतं विचारलं. भेट परत मागायला फोन करा एवढंच म्हटलं होतं. कशासाठी पेटी हवी, तिच्यात काय वाजतं, काही नाही. आणि ती मीच कोपऱ्यात ठेवायला लावली होती हेही त्यांना ठाऊक होतं. दादाने सांगितलं असणार. त्या वाक्याची मला आज फार लाज वाटली. सांगितलं त्यांना तसं. ते म्हणाले, "बरं बरं. आता वाजवा. आणि ती मांजरीची कुठली ती म्हणा."

म्हटलं. सहाव्या घरापर्यंत. "पुढं?" बाबा म्हणाले. पुढं सुचत नाही म्हटलं. आई दारात चहा घेऊन उभी. ती म्हणाली, "सुचायचं काय त्यात? फिरून फिरून सातवं घर, तेच आपलं पेटीचं."

बसलं. मात्रेत बसलं! आईला काही विशेष केलं असं वाटतच नव्हतं, ती कपबशा मोजत होती.

३ मे, रविवार

दोन दिवस सलग रेकॉर्डिंग. वि.सरांचा माणूस यंत्रं घेऊन मुंबईहून आला. त्याला वाटलं स्टुडिओ असेल. आंब्याच्या अढीशेजारी माइक लावला त्याने, वासाने वेडा झाला, प्रत्येक टेकनंतर एक आंबा.

बाबांनी आणखी तीन पेट्या बनवल्या आहेत, प्रत्येकीची पट्टी वेगळी सैल. लहान, मध्यम, मोठी. दादा आता मधे बसतो आणि दोन्हीकडे हात मारतो. बाबा शेजारी पक्कड घेऊन उभे. टेकच्या मधे येऊन खिळा केसभर ओढतात, मागे जातात. माणूस म्हणाला, "हे तुमचे तंत्रज्ञ का?" काका म्हणाले, "हे साहेब हायत."

"ठोकाठोकी" शब्द आठवडाभर ऐकलेला नाही.

९ मे, शनिवार

आठ गाणी पाठवली. मुदतीच्या एक दिवस आधी! मनीचं गाणं पहिलं ठेवलंय. वि.सरांना जोरदार काहीतरी पहिलं हवं असेल, पण मला हेच हवं होतं, आणि चौघांनी हात वर केले. खरं तर पाच जणांनी.

आता बसून राहणं आलं.

१४ मे, गुरुवार

चार दिवस काही नाही. वि.सर फोन उचलत नाहीत. ओंकार म्हणतो चांगलं लक्षण, काका म्हणतात वाईट, दादाला झोप पुरत नाही म्हणून त्याचं काही मत नाही.

आज सकाळी लॅबमध्ये तेच फेब्रुवारीतले आजोबा. तीच शीर, तेच शोधणं. "म्हण की." मी सवयीने दमयंती सुरू करणार, आणि तोंडातून मनीच निघाली. एक घर कौलाचं. आजोबा म्हणाले, "ही कोण? नवी?" मी म्हटलं, अजून बाहेर आली नाही. ते म्हणाले, "मग येऊ दे लवकर. मला साखर हाय, मी काय थांबणाराय?" आणि बोटाने टेबलावर ठेका धरला, तोच, मागे खुळखुळ असलेला. तोंडाने ती खुळखुळपण काढत होते. शीर सापडली.

सुई आत असतानाच फोन वाजला. वि.सर. घेता येईना. रक्त काढलं, कापूस दाबला, फोन केला, तर लागेना. मग मेसेज: "सगळे एकत्र असाल तेव्हा फोन करा. बाबांनाही बोलवा."

बाबांनाही बोलवा.

दुपारभर आम्ही चौघं फोनवर यावर भांडलो. वाईट बातमी असती तर बाबांना कशाला, ओंकार. वाईट बातमी सांगायला वडीलधारं माणूस लागतंच, काका. संध्याकाळी सातला शेडमध्ये जमायचं ठरलं. बाबांना निरोप दिला तेव्हा ते साताऱ्यासाठी वेगळी पेटी भरत होते. शैलाताईंनी मनीसाठीही मागितलीय, पेंढा जास्त घालून. पत्ता मीच लिहिला. या वेळी आधी पेटी उलटीपालटी करून बघितली.

बाबा म्हणाले, "येतो. पण आधी ही गाडीवर चढू दे." आणि वरची पट्टी ठोकताना दोन खिळ्यांवर थांबले, बोटाने वाजवून बघितली, तिसरा अर्धाच मारला.

सहा चाळीस झाले. काकांची मोटरसायकल आली बहुतेक, वीस मिनिटं आधी. जाते.